लोकरीचा फास

बोरमाळ वस्ती, ता. मंगळवेढा
१७ नोव्हेंबर २०२४

ती. गोदावरीआत्या,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर ओरडून माझा घसा बसला आणि तुला त्यातून फक्त 'मेंढरू' एवढंच ऐकू आलं. मग तूच म्हणालीस की पत्र लिही, पत्राला कान लागत नाहीत. कानाचं यंत्र कपाटात ठेवून तू जगाला दोष देतेस हे मला माहीत आहे. तरी लिहिते.

माळावर तंबू ठोकून मी नक्की काय करते, असं तू विचारलं होतंस. आत्या, मी लांडग्यांची परीक्षा घेते. वस्तीपासून लांब, ओढ्याच्या पलीकडे मी लाकडी पेट्या ठेवल्या आहेत. आत कोंबडीचं मांस. झाकणाला दोरीचा फास, आणि तो फास खुंटीत अडकवलेला. नाकानं फास वर सरकवून खुंटीतून काढला की झाकण उघडतं. चावून, ओढून उघडत नाही. म्हणजे काम ताकदीचं नाही, डोक्याचं आहे. कोण लवकर शिकतो, कोण दुसऱ्याचं बघून शिकतो, शिकलेलं किती दिवस लक्षात राहतं, हे सगळं झुडपात लावलेले कॅमेरे टिपतात.

पण सुरुवातीला सगळं मुसळ केरात गेलं होतं. मी बाजारातून नायलॉनची निळी दोरी आणलेली, आणि एक लांडगा पेटीकडे फिरकेल तर शपथ. लांडगा माणसाला जितका भितो त्याहून जास्त नव्या वस्तूला भितो. माझ्या संशोधनाचे मार्गदर्शक सर तर काम गुंडाळायच्या गोष्टी करायला लागले होते.

वाचवलं ते सुकन्यानं. मी राहते ती सिद्धाप्पांच्या वस्तीजवळ, टेकाडाच्या आड. सिद्धाप्पा इथले जुने मेंढपाळ. घरात कानडी बोलतात, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही. त्यांची बायको केराबाई, मुलगा जोतिराम आणि सुकन्या ही सून. बारावी झालीय, पोलीस भरतीचा अभ्यास करते. पहाटे माळावर धावायला जाते तेव्हा मेंढरं चरायचं सोडून तिच्याकडे बघत राहतात.

या घरात एक रीत आहे. मोठी मेंढरं चरायला गेली की कोकरं मागे काटेरी कुंपणात राहतात. कुंपणाच्या दाराला फळ्यांचं झापं, झाप्याला लोकरीच्या दोरीचा फास. तो खुंटीत घातला की झालं कुलूप. हा फास घरातल्या एकाच बाईकडे असतो. नवी सून आली की पहिल्या दिवाळीला सासू तो हळदकुंकू लावून देवासमोर तिच्या हातात देते. तिथून पुढे कोकरं सुनेची. जगलं तरी तिचं, मेलं तरी तिचं. केराबाईंनी उभा जन्म सांभाळलेला फास दोन दिवाळ्यांमागे सुकन्याकडे आला.

तो बघून मला सुचलं. इथल्या लांडग्यांना लोकरीचा वास जन्मापासून ओळखीचा. मग सुकन्याकडून तस्सेच फास वळून घेतले, खुंट्याही त्याच बाभळीच्या. पोरीनं टकळी घेऊन दोन दिवसांत सगळे करून दिले, आणि पैसे विचारले तर म्हणाली, "लांडग्याच्या परीक्षेला माझी दोरी, मला लई मान झाला की, ताई."

आणि आत्या, जमलं. एक मादी आहे, तिचा डावा कान फाटलेला आहे. कानफाटी म्हणते मी तिला. तिनं पेटी हुंगली, फासाशी खेळली, आणि चौथ्या दिवशी अशी उघडली की जणू घरचाच डबा. सुकन्या आणि मी लॅपटॉपसमोर अक्षरशः नाचलो. इतकी खूश मी बऱ्याच दिवसांत नव्हते.

तुझी,
उर्वी

*

केम
२८ नोव्हेंबर २०२४

चि. उर्वीस,

अनेक आशीर्वाद. कानाचं यंत्र कपाटात नाही, लवंगांच्या डब्यात आहे. माहिती नसताना आरोप करू नयेत.

तुझं पत्र मी शेजारच्या चेतनाला वाचून दाखवलं, मग दूधवाल्याला, मग भिशीला आलेल्या बायकांना. आपल्या घराण्यानं आजवर माणसांच्या मुलांच्या परीक्षा घेतल्या, तू लांडग्यांपर्यंत गेलीस. माझ्या चौथीच्या वर्गातले काही चेहरे आठवले, तर यात फार मोठी झेप आहे असं म्हणवत नाही. तुझा बाप असता तर आज सगळ्या सोलापुरात सांगत फिरला असता. ते काम मी केमपुरतं करते आहे.

एक शंका मात्र विचारते. मी मुलांना भागाकार शिकवायचे तो गणिताच्या पेपरसाठी. आणि मुलं तो वापरायची शेजारच्या मळ्यातल्या चोरलेल्या चिंचा वाटून घ्यायला. शिकवलेलं परीक्षेपुरतं राहत नाही ग. तुझ्या कानफाटीला शाळा सुटल्यावर काय करायचं ते सांगितलंस का? गंमत करते, चिडू नकोस.

सुकन्यासाठी मराठी व्याकरणाची आणि सामान्य ज्ञानाची दोन पुस्तकं वेगळी पाठवते आहे. तिला म्हणावं, समास माझ्या खुणांवरून पाठ कर. अशी मुलगी पुढे गेली पाहिजे. आणि थंडी पडेल, कानाला बांधून झोपत जा.

तुझी आत्या,
गोदावरी

*

बोरमाळ
२२ डिसेंबर २०२४

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. थंडी बरीच आहे. काम चांगलं चाललंय. कानफाटी आता पेटी क्षणात उघडते. तिचं बघून एक तरुण नरही शिकतो आहे. सर खूश आहेत, फेब्रुवारीअखेर बंगळूरला परिषद आहे, तिथं हे मांडायचं म्हणतात.

तुझी पुस्तकं मिळाली. पण सुकन्या सध्या इथं नाही, माहेरी गेली आहे, वैरागजवळ.

झालं असं की दोन आठवड्यांपूर्वी लांडगे कोकरांच्या कुंपणात शिरले. दिवेलागणीची वेळ होती. केराबाई मंगळवेढ्याच्या बाजाराला गेलेल्या, पुरुष माणसं आणि कुत्री मेंढरांबरोबर माळावर. सुकन्या माझ्या तंबूत होती. मीच बोलावलं होतं, नवी चित्रफीत दाखवायला. आम्ही परत गेलो तेव्हा झापं सताड उघडं होतं. फास तुटला नव्हता, नुसता खुंटीखाली पडलेला. पाच-सहा कोकरं मेली, काही नेली. ते मी तुला लिहून सांगत नाही.

सगळ्यांचं म्हणणं, सुकन्या फास घालायला विसरली. ती म्हणत राहिली, घातला होता. पण फास तुटलेला नाही, झापं मोडलेलं नाही, मग दुसरं काय झालं असणार? केराबाई आधीपासूनच तिच्या मोबाईलवर आणि पुस्तकांवर नाराज होत्या. त्यांनी तो फास धुऊन परत स्वतःकडे घेतला. मोबाईल जोतिरामनं काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तिचा बाप येऊन तिला घेऊन गेला. जाताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मी घातला होता ना हो?" मी म्हटलं, मी तेव्हा तिथं नव्हते.

घरातलं भांडण आहे. बाहेरच्यानं त्यात किती पडावं, कळत नाही.

पुस्तकं माझ्याकडे जपून ठेवली आहेत.

उर्वी

*

केम
१ जानेवारी २०२५

चि. उर्वीस,

आशीर्वाद. पत्र वाचून वाईट वाटलं, कोकरांचं आणि तुझंही. तुझं अक्षर उतरलेलं दिसलं.

मी मास्तरीण, मला कोणाची बाजू घ्यायची घाई नसते. पण हे प्रकरण सरळ आहे. फास तुटला नाही, झापं मोडलं नाही, म्हणजे फास घातलाच नव्हता. पोरगी वाईट नसेल, पण लक्ष नव्हतं. आजकालच्या मुलींची बोटं मोबाईलवर आणि मन तिसरीकडे. माझ्या शाळेत असती तर मी तिला शंभर वेळा लिहायला लावलं असतं. केराबाईंना मी दोष देणार नाही. जिनं आयुष्यभर कोकरं सांभाळली तिला एका संध्याकाळचं हे बघणं किती जड गेलं असेल.

आणि ती म्हणते मी घातला होता, त्यावरही जाऊ नकोस. चुकलेली मुलं असंच म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. चार महिने माहेरी राहू दे, सासूचा राग निवेल, मग सगळं रुळावर येईल. तू चित्रफीत दाखवायला बोलावलंस म्हणून स्वतःला लावून घेऊ नकोस. तुझा यात काडीचाही दोष नाही.

बंगळूरला जाताना माझी जांभळी पैठणी नेशील का? नेसायला मीच येऊन शिकवीन.

आत्या

*

बोरमाळ
९ जानेवारी २०२५

आत्या,

नमस्कार लिहायचं धाडस होत नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. 'तुझा यात काडीचाही दोष नाही' या ओळीशी दर वेळी थांबले. मागच्या पत्रात मी तुला खोटं एकही वाक्य लिहिलं नव्हतं, आणि तरीही ते सगळं पत्र खोटं होतं. आता लिहिते.

सुकन्यानं फास घातला होता. ती तंबूकडे यायला निघाली तेव्हा मी कुंपणापाशीच तिची वाट बघत उभी होते. माझ्या डोळ्यांदेखत तिनं तो खुंटीत घातला, सवयीनं वरून एक थाप मारली. मी तिथं नव्हते हे मी तिच्या तोंडावर खोटं बोलले.

आणि फास खुंटीखाली कसा पडला तेही मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तो ओला होता, लाळेनं. बरोब्बर तसाच पडला होता जसा माझ्या पेट्यांखाली रोज सकाळी पडलेला असतो. कानफाटीनं तो काढला. तिला ते मी शिकवलं. सुकन्याच्याच हातचे फास वापरून, त्यांच्याच कुंपणासारखी खुंटी करून, मांसाची लाच देऊन शिकवलं. लांडग्यानं भिऊ नये एवढाच विचार मी केला. तो भिऊन जे करत नव्हता ते आता करेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तुझ्या डोक्यात आलं होतं, चिंचांच्या गोष्टीत. मी ती वाचून हसले आणि पुढचं पान उलटलं.

गप्प का राहिले? त्या रात्रीपासून मी स्वतःला कारणं सांगते आहे. सांगितलं तर लोक मेलेल्या मेंढीत विष घालून माळावर टाकतील आणि कानफाटीच काय, तिची सगळी टोळी मरेल. हे कारण खरं आहे. पण ते मला दुसऱ्या दिवशी सुचलं. पहिल्या क्षणी मी फक्त घाबरले होते. माझं काम, माझं नाव, सर काय म्हणतील. सुकन्याचा नंबर त्यानंतर लागला. याची मला इतकी लाज वाटते की सकाळी केराबाई चहा घेऊन आल्या तर मी झोपल्याचं सोंग घेते.

तुझं पत्र आलं आणि मला राहवलं नाही. तू तिला न बघता दोषी ठरवलंस, आणि ते माझ्या पत्रावरून. परवा दुपारी मी सिद्धाप्पांकडे गेले. केराबाई, जोतिराम, सगळे होते. मी सांगितलं की सुकन्यानं फास घातला होता, तो लांडग्यानं काढला.

सिद्धाप्पा हसले. रागावून नव्हे ग, मायेनं. म्हणाले, "ताई, माझं केस ह्या माळावर पिकलं. लांडगं झाप्याखाली खणतंय, कुंपण उडी मारतंय. फास काढत न्हाय. त्येला हात हायत व्हय?"

आणि आत्या, त्यांचं चुकलं नव्हतं. लांडगा फास काढत नाही हे जन्मभराचं खरं होतं. या हिवाळ्यात मी ते खोटं केलं.

मी पुन्हा म्हटलं, मी बघितलंय. केराबाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, "दुसऱ्याच्या लेकीसाठी खोटं बोलाया बी काळीज लागतं. गुणाची पोर हाय." आणि माझ्या पुढ्यात ताट ठेवलं. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, वर लोणी.

लॅपटॉप माझ्या पिशवीत होता. त्यात कानफाटीची चित्रफीत होती. उघडून दाखवायला एक मिनिटही लागलं नसतं. मी नाही दाखवली. मी ती भाकरी खाल्ली.

उर्वी

*

केम
१६ जानेवारी २०२५

उर्वी,

दोन दिवस पत्र हातात घेऊन बसले. चेतना विचारत होती, पुतणीचं काय नवीन. पहिल्यांदाच मी तिला सांगितलं की पत्र आलं नाही.

आधी माझं. चोर सोडून संन्याशाला सुळी देणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली, आणि या वयात घरबसल्या एका कागदावर तेच केलं. मुलगी पाहिली नाही, तिचा शब्द ऐकला नाही, आणि शंभर वेळा लिहायची शिक्षा देऊन मोकळी झाले. सगळ्या गावाला तुझं कौतुक ऐकवणाऱ्या बाईला तुझी चूक असेल असं स्वप्नातही आलं नाही. आपलं ते पोर धुतल्या तांदळाचं, दुसऱ्याचं मोबाईलवेडं. मला माझी लाज वाटते.

आता तुझं. चूक झाली ती झाली. लांडगा असं करेल हे तुमच्या सरांनाही सुचलं नाही, मग तुला एकटीला मी त्यासाठी सुळावर चढवणार नाही. पण भाकरी खाल्लीस? त्या घरची भाकरी, खोटं बोलल्याच्या कौतुकाची, तीही खरं बोलून झाल्यावर? तू खरं अशा बेतानं सांगितलंस की कोणी विश्वास ठेवू नये. ते सांगणं नव्हे, उर्वी. ते हात धुणं.

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. तुम्हाला तिकडे लांडग्याच्या बुद्धीचं कौतुक चाललंय, आणि इकडे एक पोरगी बापाच्या घरी मान खाली घालून बसली आहे.

पहिल्यांदा पेट्या उचल. आज. मग सिद्धाप्पांचा फास बदल, लोखंडी साखळी आण, कडी आण, लांडग्याच्या नाकाला जमणार नाही असं काहीतरी बसव, आणि आसपासच्या सगळ्या वस्त्यांवर बसव. हे झालं की चित्रफीत दाखव, सगळ्यांना बसवून. लांडगीला विष घालतील ही भीती खरी आहे. तिच्यासाठी हात जोड, पाया पड, काय वाटेल ते कर. पण तिच्या जिवाची ढाल करून त्याच्यामागे लपू नकोस.

आणि सुकन्याला स्वतः लिही. माझ्यातर्फेही लिही की एका म्हाताऱ्या मास्तरणीनं तिच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि तिला ते बोचतं आहे.

पैठणीचं नंतर बघू.

आत्या

*

बोरमाळ
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी पेट्या उचलल्या. सरांना कळवलं. ते म्हणाले की परिषदेत हेही सांगावं लागेल. मी म्हटलं, तेच सांगू. शिकवलेलं परीक्षेपुरतं राहत नाही, हे तू लिहिलं होतंस ते कोणाच्या तरी तोंडून जाहीर व्हायला हवं, आणि ते माझ्या तोंडून झालं तर बरं.

मंगळवेढ्याहून साखळ्या आणि कड्या आणून सिद्धाप्पांच्या झाप्याला लावल्या. केराबाई विचारत होत्या, फास चांगला असताना साखळी कशाला. मी म्हटलं, रविवारी सांगते.

रविवारी सगळे अंगणात बसले. शेजारच्या वस्तीवरचे गुरप्पा आणि चन्नवीरही आले. मी लॅपटॉप खाटेवर ठेवला. कानफाटी आली, पेटीभोवती फिरली, नाक फासाखाली घातलं, वर सरकवलं. फास खाली पडला. ती आत तोंड घालून खायला लागली. सिद्धाप्पा म्हणाले, परत लाव. मी परत लावली. मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी ते पडद्याकडे बघतच नव्हते, खुंटीकडे बघत होते. "ही खुंटी बाभळीची," ते म्हणाले. "आणि दोरी आमच्या सुनेच्या हातची."

मी सगळं सांगितलं. तंबूकडे जाताना तिनं फास घातलेला मी पाहिला होता हेही. जोतिराम उठून गोठ्यामागे गेला आणि बराच वेळ आला नाही. गुरप्पा रागावून म्हणाला की असल्या शिकलेल्या लांडगीला ठेवून चालायचं नाही, औषध घालायला पाहिजे. मला वाटलं, झालं. मी हात जोडायला उठले.

पण सिद्धाप्पांनी त्याला थांबवलं. "तिला कशाला मारायची, गुरप्पा? तिचं पोट हाय. शिकवणारी हितं बसलीया की."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं बोलले, आणि माझ्याकडे बघितलंही नाही. केराबाई आत गेल्या. त्या दिवशी ताट आलं नाही, आणि ते न आल्याचं मला आत्या, खरंच बरं वाटलं.

आता मी वस्तीवस्तीवर जाऊन साखळ्या लावते आणि प्रत्येक अंगणात उभं राहून तीच गोष्ट सांगते. कोणी शिव्या घालतं, कोणी पाणी देतं. एका म्हातारीनं सगळं ऐकून विचारलं, लग्न झालंय का तुझं. काल ओढ्यापलीकडे गेले तर कानफाटी पेटीच्या रिकाम्या जागेशी बसलेली होती. तिला कसं सांगायचं की शाळा बंद झाली.

जोतिराम परवा वैरागला गेला होता. केराबाईंनी त्याच्याजवळ फास दिला होता, सुकन्याच्या हातात दे म्हणून. तो एकटाच परत आला. फास परत आणला. मी सुकन्याला सविस्तर पत्र लिहिलं आहे, तुझा निरोपही त्यात आहे. पुस्तकं जोतिरामबरोबरच पाठवली होती. उत्तराची वाट बघते, आणि ते येऊ नये असंही वाटतं.

तुझी,
उर्वी

*

मु. पो. वैराग
१४ फेब्रुवारी २०२५

उर्वीताईस,

सुकन्याचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं. तुमच्या आत्यांना सांगा, पुस्तकं मिळाली, समास झालेत, आता अलंकार चाललेत. त्यांनी कडेला पेन्सिलीनं खुणा केल्यात त्या लई उपयोगी आहेत. त्यांचा मला राग नाही. त्यांनी मला पाहिलंच नव्हतं.

ताई, तुम्हाला एक गोष्ट सांगते, कारण तुम्ही जनावरांच्या लक्षात काय राहतं त्याचा अभ्यास करता. मी इथं आले तेव्हा मला पक्कं माहीत होतं की मी फास घातला होता. हाताला आठवत होतं. मग रोज कोणी ना कोणी विचारायचं, खरं सांग, घातला होता का? आई विचारायची, मामा विचारायचे. हळूहळू मला दुसरंच दिसायला लागलं. झापं उघडं आहे, फास हातातच आहे, आणि मी तशीच तुमच्या तंबूकडे निघालीय. स्पष्ट दिसायचं. शेवटी मी वडलांना म्हटलं, नसंल घातला मी. त्या दिवशी ते माझ्याशी परत बोलायला लागले, म्हणून मला बरं वाटलं.

आता तुम्ही लिहिता की मी घातला होता, तुम्ही पाहिलं. मी वडलांना पत्र वाचून दाखवलं. ते रडले. मला नाही रडू आलं. मी आठवायला बसले, तर अजून मला उघडं झापंच दिसतं. ते जात नाही. तुमच्या शास्त्रात त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

हे आले होते. सासूबाईंनी पाठवलेला फास त्यांनी पुढे केला. मी म्हटलं, भरतीची लेखी परीक्षा झाल्यावर येईन, आणि आले तर फास मी देवासमोर आपल्या हातानं उचलीन, कोणी माझ्या हातात देऊ नका. ते फास घेऊन परत गेले. वाईट माणूस नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवला नाही तो त्यांनी, आणि आता लाज वाटते तीही त्यांनाच. येईन मी, पण माझ्या वेळेनं.

तुमचं सांगते. जानेवारीत सासूबाईंनी वडलांना फोन केला होता. म्हणाल्या, ती माळावरची ताई आली होती, तुमच्या लेकीसाठी खोटं बोलली, लांडग्यानं फास काढला म्हणाली. वडलांनी मला सांगितलं. मी त्या दिवशी लई रडले ताई. माझ्यासाठी आजवर कोणी खोटं बोललं नव्हतं. घरचं पण नाही. मी सगळ्या गल्लीत सांगितलं की माझी एक बहीण आहे, शिकलेली, ती माझ्यासाठी खोटं बोलली. सगळ्यांनी मला वाईट ठरवलं त्या दिवसांत माझ्याजवळ तेवढंच होतं.

आता कळलं की ते खरं होतं. खरं कळल्यावर माणसाला बरं वाटायला पाहिजे. माझं नाव धुऊन निघालं, सगळे म्हणतात. पण तुमचं ते खोटं माझ्याजवळ होतं तेव्हा मी बरी होते.

तुम्ही माफी मागितलीय. देते. पण सध्या पत्र नका पाठवू.

पेट्या उचलल्या म्हणता, तर त्यांचे फास सोडून ठेवा. ते माझ्या हातचे आहेत. आले की घेऊन जाईन.

सुकन्या